मिलिटरीचा जुना ट्रक, २४ व्होल्ट आणि आमचा १२ व्होल्टचा संसार

परसातला_ट्रकवाला:
नमस्कार मंडळी. पेन्सिल्व्हेनियात गावाबाहेर आमची थोडी जमीन आहे. लाकडं, गवताचे गठ्ठे, खडी असं सारखं काहीतरी वाहायचं असतं. शहाण्या माणसाने पिकअप घेतली असती. मी लिलावातून अमेरिकन लष्कराने निकालात काढलेला एम३५ए२ घेतला. माहीत नसलेल्यांसाठी: तिन्ही आसांना ताकद जाणारा अडीच टनी ट्रक. अडीच टन ही रस्ता सोडून चालतानाची मर्यादा, पक्क्या रस्त्यावर पाच टन नेतो. इंजिन ७.८ लिटरचं 'मल्टिफ्युएल', म्हणजे डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, जे मिळेल ते पितं. वायपरसुद्धा हवेच्या दाबावर चालतात!

गाडी झकास आहे, अडलंय ते विजेपाशी. सगळं २४ व्होल्ट, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. मला बसवायचंय ते असं: ब्लूटूथवाला रेडिओ, सीबी (ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा वायरलेस), फोनचा चार्जर, मागे बघायला कॅमेरा, शेतात रात्री कामाला दोन एलईडी दिवे आणि केबिनमध्ये हीटर. यातलं बरंचसं बाजारात १२ व्होल्टचं मिळतं. शेजारचा शेतकरी म्हणतो, "दोन बॅटऱ्या आहेत ना? एकीवरून १२ घे आणि मोकळा हो." इतकं सोपं आहे का हे? आणि दुसरं, डॅशबोर्डमागच्या वायरींना जोड मारू की नवीन केबल ओढू? बायकोनेही एक प्रश्न विचारलाय, पण तो विजेचा नाही.

उंडगा:
वहिनींचा प्रश्न आधी सांगा. वीज कुठे पळून जात नाही.

परसातला_ट्रकवाला:
"हा लावणार कुठे?" लावलाय कोठाराच्या मागे. विषय संपला. आता विजेकडे या.

कोरडा_सेल:
शेजाऱ्याचं ऐका. आमच्या २४ व्होल्टच्या जुन्या बोटीत मधून १२ काढलंय आणि रेडिओ व्यवस्थित वाजतोय. लोक उगाच बाऊ करतात.

अँपिअरराव:
कोरडा_सेल, तुम्ही तुमचं नाव सार्थ करणार आहात. हलकं घ्या.

ट्रकवाले, जरा सविस्तर लिहितो. सिरीजमधल्या दोन बॅटऱ्यांमधून चार्जिंगचा करंट एकच वाहतो. अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या यंत्राला) दिसतं ते फक्त दोघींचं मिळून साधारण २८ व्होल्ट. त्यातले कोणाच्या वाट्याला किती जातात हे त्याला कळत नाही. समजा दोन भावांचा पगार सामाईक खात्यात अर्धा-अर्धा जमा होतोय आणि रोजचा खर्च मात्र एकटा धाकटा करतोय. खालच्या बॅटरीवर (जिचा मायनस चासीला जोडलेला असतो ती) रेडिओ आणि सीबी लावलेत की ती हळूहळू रिती होत जाते, वरची भरलेलीच राहते. मग २८ ची वाटणी १४-१४ अशी होत नाही. खालचीला साडेबारा मिळतात, वरचीच्या डोक्यावर साडेपंधरा बसतात. वरची उकळते, तिचं पाणी उडतं. खालची कायम अर्धपोटी, तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. आणि थंडीत सेल्फ मारताना तोच करंट दोघींतून जायचा असल्यामुळे जी कच्ची आहे ती दोघींना घेऊन बसते.

त्यातही कोणी हौशीने वरच्या बॅटरीवरून १२ घेतले तर मजा वेगळीच. त्या १२ चा 'मायनस' चासीपेक्षा १२ व्होल्ट वर असतो. रेडिओचा पत्रा डॅशबोर्डला टेकला की खालची बॅटरी सरळ शॉर्ट.

उपाय दोन. एक, २४ चे १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखं घेतो. दुसरा, बॅटरी इक्वलायझर. मधून १२ घ्या, तो दोघींचे व्होल्टेज सतत जुळवत राहतो. बसगाड्यांत हे सर्रास असतात, पण किंमत जास्त. तुमच्या यादीला कन्व्हर्टर पुरेसा आहे. फक्त जुन्या पद्धतीचे, नुसता व्होल्टेज जाळून टाकणारे 'ड्रॉपर' घेऊ नका. ५ अँपिअर लोडला २८ चे १४ करताना तो ७० वॅट गरमी फेकणार. स्विचिंगवाला घ्या, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा.

कोरडा_सेल:
माझा लोड अर्धा अँपिअर आहे आणि दर मोसमाला मी बॅटऱ्यांची अदलाबदल करतो. म्हणजे खर्चही दोघी भाऊ आलटून पालटून करतात. त्याचं काय?

अँपिअरराव:
मग चालेल. अर्धा अँपिअर आणि अदलाबदल हे मान्य. पण हे गृहस्थ त्यावर सीबी आणि हीटर लावायला निघालेत. (आणि 'दोघी भाऊ' हे आवडलं.)

मिरजकर_आत्या:
आमच्या घरचं बॅटरी आणि ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सासऱ्यांपासून. २४ व्होल्टच्या गाड्या येतात तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, "एकच बॅटरी बसलीय, एकच बदला." मी आधी टेप रेकॉर्डरची वायर कुठून घेतलीय ते बघायला लावते. दरवेळी तीच बॅटरी गेलेली असते जिच्यावर टेप आणि केबिनमधला पंखा आहे.

आणि एकच नवी घालायचीही नाही, बाळांनो. जुनी-नवी जोडी लावली की जुनी नवीला खाते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यातल्या घ्यायच्या. गिऱ्हाईक म्हणतं आत्या धंदा वाढवतेय. म्हणू दे.

झणझणीत:
मी म्हणतो सगळी गाडीच १२ व्होल्ट करून टाका ना! अल्टरनेटर बदला, बल्ब बदला, कटकट मिटली.

निवृत्त_पाना:
झणझणीत भाऊ, सेल्फ कोण बदलणार? गेज, पाठवणारे सेन्सर, टाकीतला इंधनाचा पंप, सगळं २४ चं आहे. त्या इंजिनाचा सेल्फ १२ वर चालवायचा तर दुप्पट करंट, म्हणजे केबल जाडजूड. ज्या कारणासाठी सैन्याने २४ घेतले तेच घालवून बसायचं.

मी ईएमईमध्ये (भारतीय सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) नोकरी केली, गाव सातारा जिल्ह्यात. आमच्या हाताखाली शक्तिमान ट्रक होते, जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेले, आणि जोंगा ही फौजी जीप. एम३५ कधी हाताळला नाही, पण मिलिटरी वायरिंगची शिस्त सगळीकडे एकच. साहेब, तुमच्या प्रत्येक वायरच्या टोकाला पत्र्याची बारीक नंबरपट्टी असेल. ती कापू नका, काढू नका. आज तुम्हाला ती फालतू वाटेल. उद्या रात्री दिवे गेले की त्या नंबरवरूनच फॉल्ट सापडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जुन्या हार्नेसला (वायरींच्या मूळ जुडग्याला) हात लावू नका. नवी केबल बॅटरीपासून, नवी फ्यूज पेटी, सगळा नागरी सामान त्या पेटीवर. काही बिघडलं तर पेटी सोडवायची, ट्रक आपला जसाच्या तसा उभा.

परसातला_ट्रकवाला:
पाना सर, नमस्कार! नंबरपट्ट्या आहेत, आणि कनेक्टर जाड रबराचे आहेत, दाबून बसणारे. फ्यूज मात्र एकही सापडला नाही. हे कसं?

अँपिअरराव:
त्यात फ्यूज नसतातच, आपोआप जुळणारे सर्किट ब्रेकर असतात. शॉर्ट झालं की तुटतात, गार झाले की परत जोडतात. युद्धात फ्यूज शोधत कोण बसणार. म्हणूनच त्यावर आपले नाजूक लोड टांगू नयेत. बिघाड असेल तर तो ब्रेकर टक-टक करत पुनःपुन्हा जोडत राहील आणि तुमचा रेडिओ भाजत राहील.

आराखडा हवा असेल तर अमेरिकन लष्कराचं टीएम ९-२३२०-३६१ हे मॅन्युअल शोधा, मल्टिफ्युएल अडीच टनी गाड्यांचं आहे. वायरिंगचा नकाशा त्यात नंबरांसकट मिळेल.

थेम्सकाठची_टवळी:
इकडे इंग्लंडात आमच्या ह्यांना जुन्या फौजी लँड रोव्हरचं वेड. तिथे दोन जाती: साधी 'जीएस' १२ व्होल्टची, आणि वायरलेस संचासाठी तयार केलेली 'एफएफआर' २४ व्होल्टची. घेणारे फोटो बघून भाळतात आणि घरी आणल्यावर १२ चा रेडिओ लावून धूर काढतात. एफएफआरमध्ये पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीचा आवाज वायरलेसमध्ये येऊ नये म्हणून इग्निशनच्या वायरी धातूच्या जाळीत गुंडाळलेल्या असतात. एकेका प्लगची किंमत ऐकून मी भांडी घासायला निघून गेले.

ट्रकवाल्यांचं डिझेल आहे म्हणजे ठिणगीचा प्रश्न नाही. पण स्विचिंग कन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर सीबीवर किर्र आवाज येतोच. कन्व्हर्टर सीबी आणि अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवा, वायरींवर फेराइटचे मणी घाला, ते ही किरकिर अडवतात.

उंडगा:
अवांतर: असा ट्रक भारतात घेता येईल का? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोभेल. हिरवाच हवा पण.

दुपारची_झोप:
हिरवा विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाचा. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लिलावातून जोंगा घेतलेले लोक पहिलं काम रंगाचंच करतात. शिवाय फौजेच्या गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते, ती सैन्याची वेगळी. तिथून नागरी नंबर मिळवणं हे वायरिंगपेक्षा मोठं काम. कागद आधी, गाडी नंतर. बऱ्याच गाड्या तर भंगार म्हणूनच विकल्या जातात, त्या रस्त्यावर आणायच्याच नसतात.

आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. गाडी मुळात जशी बनली त्यात मोठे फेरफार करायचे नाहीत. रेडिओ-चार्जरला कोणी अडवत नाही, पण छतावर दिव्यांची रांग लावून पुणे-सातारा रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवलेत तर पावती हातात येणारच. आणि यायलाच हवी.

निवृत्त_पाना:
जोंग्याचा विषय निघाला म्हणून. जबलपूरला १९९९ पर्यंत बनली ती. मूळ निसानची, ४ लिटरचं पेट्रोल इंजिन. ताकद अफाट, आणि पेट्रोल कसं प्यायची ते विचारू नका. डोंगरात तिच्या बॉनेटवर बसून डबा खाल्लाय, गरम राहायचा.

उंडगा:
डबा गरम राहायचा की बॉनेट?

निवृत्त_पाना:
दोन्ही.

झणझणीत:
परत मूळ मुद्दा. ह्या हीटरचं काय? २४ व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर मिळतो की ऑनलाइन, दीडशे वॅटचा.

अँपिअरराव:
दीडशे वॅटने पेन्सिल्व्हेनियाच्या जानेवारीत तुमची करंगळी गरम होईल, तीही मोज्यातली. ताडपत्रीच्या छताची केबिन आहे ती! इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर लावा. विजेवर फक्त पंखा, आणि तो २४ चा मिळतो.

यातूनच एक सूत्र निघतं: जी वस्तू २४ ची मिळते ती २४ चीच घ्या. एलईडी वर्क लाइट बहुतेक ९ ते ३२ व्होल्टचे असतात, थेट जोडा. फोनचे चार्जर १२-२४ दोन्हींचे मिळतात. ट्रक आणि बोटींसाठीचे कॅमेरेही. मग १२ ची यादी किती उरते? रेडिओ आणि सीबी. सीबीला अमेरिकेत एएमवर ४ वॅटची परवानगी आहे, तो दोनेक अँपिअर घेतो. म्हणजे १५ अँपिअरचा कन्व्हर्टर पोटभर झाला.

पण वस्तू '१२-२४' लिहिलेली असली तरी तिचा कमाल आकडा बघा. २४ ची गाडी चालू असताना २८ ला असते. कमाल २६ लिहिलेला चिनी चार्जर पहिल्याच फेरीत जाईल.

मिरजकर_आत्या:
+१. आणि रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) घेताना २४ ची कॉइल बघून घ्या. १२ ची रिले लावली तर चालते, काही दिवस चालते, मग वास येतो. पोरं वास आल्यावर आमच्याकडे येतात.

झणझणीत:
चोरीचं काय? त्या ट्रकला किल्ली नसते म्हणे. कुठेतरी लपवून मेन स्विच टाका, बॅटरी तोडणारा.

निवृत्त_पाना:
टाका. पण इंजिन चालू असताना तो स्विच कधीही उघडायचा नाही. बॅटरी ही धक्का गिळणारी असते. ती अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि जे जोडलंय ते मरतं. अमेरिकन लष्कराचं २८ व्होल्टचं मानक आहे, एमआयएल-एसटीडी-१२७५. त्यात अशी १०० व्होल्टपर्यंतची उसळी धरून चालायला सांगितलंय. फौजी सामान ती सहन करतं, तुमचा ब्लूटूथ नाही करणार.

आणि या ट्रकची गंमत, इंजिन विजेने बंद होत नाही. इंधन तोडणारी दांडी ओढावी लागते. नवखा माणूस घाबरून मेन स्विच उघडतो, इंजिन आपलं चालूच राहतं आणि अल्टरनेटर बॅटरीविना. तेव्हा घरातल्या सगळ्यांना दांडी दाखवून ठेवा, वहिनींनासुद्धा.

थेम्सकाठची_टवळी:
सगळे वस्तूंचं बोलताय, अर्थिंगचं कोणी बोललं नाही. चासीला स्क्रू मारला की अर्थ झाला असं नाही. केबिन रबरावर बसलेली असते आणि खालून रंगाचे थर. स्वतंत्र मायनसची केबल मागे बॅटरीपर्यंत न्या, आमच्या ह्यांनी शेवटी तेच केलं.

अँपिअरराव:
बरोबर. आणि रंग खरवडायचा असेल तर मास्क घाला, थट्टा नाही. १९८० नंतर अमेरिकन फौजेच्या गाड्यांवर रासायनिक हल्ल्यात टिकणारा 'कार्क' रंग मारलाय. त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट, खालच्या प्रायमरमध्ये क्रोमेटही असू शकतं. कोरडं घासू नका. अर्थसाठी नाण्याएवढी जागा, ओलं करून, बस.

दुपारची_झोप:
वाचनखूण साठवली. ट्रक नाही, पण घरच्या इन्व्हर्टरलाही दोन बॅटऱ्या आहेत. तिथे एकीवर राउटर लावलाय. काढतो.

मिरजकर_आत्या:
शाब्बास.

परसातला_ट्रकवाला:
मंडळी, केवढं लिहिलंत! आता बेत असा. माझा अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे, पाटी वाचली, जुना २५ चा जनरेटर नाही. बॅटरीच्या प्लसपासून आठ गेजची (जाड) केबल, केबिनमध्ये २४ ची फ्यूज पेटी. त्यावर दोन एलईडी (४० वॅटचे, दोघांचे मिळून साडेतीन अँपिअर धरा), पाण्याच्या हीटरचा पंखा, २४ चा कॅमेरा, चार्जर, आणि १५ अँपिअरचा कन्व्हर्टर. कन्व्हर्टर पूर्ण लोडला गेला तरी २४ च्या बाजूने ८-९ अँपिअर. त्याच्या पुढे १२ ची छोटी फ्यूज पेटी, रेडिओ आणि सीबीला. काही चुकतंय?

निवृत्त_पाना:
मेन फ्यूज कुठे?

परसातला_ट्रकवाला:
केबिनमध्ये, पेटीच्या आधी. ३० चा.

निवृत्त_पाना:
बॅटरीजवळ. एक वीतभर अंतरात. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, केबलला वाचवायला असतो. बॅटरीची पेटी पायरीजवळ खाली, तिथून केबल चासीच्या कडेने वर येणार, ती कुठेही घासली तर फ्यूजच्या आधीचा भाग जळणार. पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी कडं (ग्रोमेट), बाकी ठिकाणी स्लीव्ह, आणि टोकाला धातूचा लग दाबून (क्रिम्प करून) लावा. नुसता पिळा मारून टेप गुंडाळायची नाही. कन्व्हर्टरच्या इनपुटला २४ च्या कॉइलची रिले, ती इग्निशनच्या स्विचने ओढायची. नाहीतर गाडी आठवडाभर उभी राहिली की कन्व्हर्टर आपला थेंब थेंब पीत बसतो.

परसातला_ट्रकवाला:
मग रेडिओची घड्याळ आणि स्टेशनं दरवेळी पुसली जाणार.

झणझणीत:
इतक्या सावकाश चालणाऱ्या ट्रकात घड्याळ कशाला हवंय?

अँपिअरराव:
मेमरीसाठी जागा शोधत बसू नका. बंद-चालू झालं तरी लक्षात ठेवणारे बोटीचे रेडिओ मिळतात, तो घ्या. लाळेरे, ओलाव्यालाही टिकतात.

दुपारची_झोप:
'लाळेरे' कुठून आलं?

अँपिअरराव:
फोनच्या आपोआप दुरुस्तीतून. 'शिवाय' वाचा.

थेम्सकाठची_टवळी:
एक राहिलंच. दिव्यांचा तो तीन दांड्यांचा स्विच. त्यावर 'ऑफ' आणि 'स्टॉप लाइट' वेगवेगळे आहेत. दिवसा 'ऑफ'वर ठेवून निघालात तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागणारच नाहीत. ब्लॅकआउटवर (शत्रूला दिसू नये म्हणून असलेल्या खुणेवर) तर मुद्दाम लागत नाहीत. रस्त्यावर जाताना दिवसासुद्धा 'स्टॉप लाइट'वर.

परसातला_ट्रकवाला:
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लिलावातल्या माणसानेही नाही. आजच चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर चिकटवतो.

आणखी एक, मागे ट्रेलर लावायचा झाला तर? मागचं सॉकेट १२ पिनांचं, फौजी. माझा ट्रेलर ७ पिनांचा, १२ व्होल्टचा.

अँपिअरराव:
त्यासाठी वेगळा ट्रेलर कन्व्हर्टर मिळतो, प्रत्येक दिव्याच्या २४ च्या सिग्नलचं १२ करून देणारा. किंवा ट्रेलरला ९ ते ३२ चे एलईडी टेललाइट लावा आणि फक्त पिनांचा अडॅप्टर बनवा. पण मग तो ट्रेलर पिकअपलाही चालेल का ते तपासा. एलईडी तसे असतील तर चालेल. इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर असेल तर तो १२ च मागणार, तिथे पहिलाच उपाय बरा.

नवा_भिडू:
चांगला धागा. माझ्याकडे एम१००९ आहे, शेवरोले ब्लेझरची फौजी आवृत्ती. त्यात दोन अल्टरनेटर आहेत आणि डॅशबोर्डवरचा 'जेन २' (दुसऱ्या अल्टरनेटरचा) दिवा पेटलेलाच राहतो. दिवे १२ वर, सेल्फ २४ वर. मला पण कन्व्हर्टर लागेल का?

अँपिअरराव:
नाही, तुमच्यात १२ मुळातच आहे. पण दुसऱ्या अल्टरनेटरचा मायनस बॉडीला नसतो, तो पहिल्या बॅटरीच्या प्लसला जातो. त्यामुळे बाजारातला साधा अल्टरनेटर तिथे बसवायचा नाही. कोणी बसवलाय का ते आधी बघा. नवा धागा काढा, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्टेज मोजून लिहा, एकदा गाडी बंद असताना आणि एकदा चालू असताना.